लस घेतल्यावर खांदा धरला तर: अमेरिकेत नुकसानभरपाई कशी मागायची

न्यू जर्सीतल्या एका फार्मसीत ऑक्टोबरात फ्लूची लस घ्यायला गेले होते. अंगात पूर्ण बाह्यांचा कुर्ता. बाही वर सरकेना, म्हणून टोचणाऱ्या मुलीने कुर्ता गळ्याकडून खाली ओढला. खांद्याचं हाड उघडं पडलं आणि त्या हाडाच्या लगेच खाली तिने सुई दिली. मी खुर्चीत बसलेली, ती उभी. दहा सेकंदांचं काम. त्या रात्री मला कूस बदलता येईना. सकाळी अंबाडा घालायला हात उचलला तर तो कानापर्यंतही गेला नाही.

लस घेतली की हात दुखतोच, दोन दिवसांत थांबेल, असं मी धरून चालले. दोन दिवसांचे दोन आठवडे झाले, दोनाचे सात. तेवढ्या काळात तेल चोळून झालं, शेक देऊन झाला. पुण्यात मामेभाऊ हाडांचा डॉक्टर आहे, त्याला व्हॉट्सॲपवर विचारून गोळ्याही झाल्या. इथल्या डॉक्टरकडे मात्र गेले नाही. पुढे दावा केला तेव्हा सगळं अडलं ते याच सात आठवड्यांपाशी, कारण त्यांचा कागद कुठेच नव्हता. तुमचं तसं होऊ नये म्हणून जे जे कळलं ते क्रमाने लिहिते आहे.

एक गोष्ट आधीच स्पष्ट करते. मी दरवर्षी फ्लूची लस घेते आणि घेत राहणार. या दुखापतीत दोष सुईच्या जागेचा असतो. तिच्यासाठी भरपाई मागणं म्हणजे लसीकरणाला विरोध करणं नव्हे. अमेरिकेच्या सरकारने हा मार्ग कायदा करून ठेवला आहे, तो वापरण्यात संकोच वाटण्यासारखं काही नाही.

खांद्यात नेमकं होतं काय

दंडावरची लस डेल्टॉइड नावाच्या जाड स्नायूत द्यायची असते. खांद्याच्या टोकाला बोट लावलं तर एक टणक हाड लागतं. त्याच्या खाली साधारण दोन इंच, म्हणजे दोन-तीन आडवी बोटं सोडून सुईची जागा. त्याच्या वर सुई गेली आणि खोल गेली, तर ती स्नायू ओलांडून हाडाखालच्या बर्सापर्यंत पोचते. बर्सा म्हणजे सांधा घासू नये म्हणून असलेली वंगणाची पातळ पिशवी. लशीचं कामच मुळी शरीराची प्रतिकारशक्ती जागी करणं. ते स्नायूत व्हायला हवं तर इथे सांध्याजवळ होतं, आणि सूज येते, स्नायूबंध दुखावतात, कित्येकांचा खांदा पुढे आखडतो. ज्याला आपण फ्रोझन शोल्डर म्हणतो तेच.

याला इंग्रजीत 'शोल्डर इन्ज्युरी रिलेटेड टू व्हॅक्सिन ॲडमिनिस्ट्रेशन' असं लांबलचक नाव आहे. आद्याक्षरांवरून 'सिर्वा' म्हणतात. भरपाई कार्यक्रमातल्याच डॉक्टरांनी २०१० साली अशा १३ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला, तेव्हापासून हे नाव रूढ झालं. अजूनही बऱ्याच फॅमिली डॉक्टरांच्या ते पटकन लक्षात येत नाही. तुम्हीच उच्चारलंत तर काही बिघडत नाही.

साध्या दुखण्यात आणि यात फरक कसा ओळखायचा? लशीनंतरचं नेहमीचं दुखणं दंडाच्या मांसल भागात असतं, दाबलं की कळतं आणि दोन-चार दिवसांत ओसरतं. सिर्वात हात हलवायलाच त्रास होतो. सीटबेल्ट ओढताना, पाठीमागे हुक लावताना, वरच्या फळीवरचा डबा काढताना, पोळी लाटताना कळ येते. रात्री त्या कुशीवर झोपता येत नाही. आठवड्यानंतरही हे चालू असेल तर थांबू नका.

कायदा काय देतो

१९८६ साली अमेरिकी काँग्रेसने 'नॅशनल चाइल्डहूड व्हॅक्सिन इन्ज्युरी ॲक्ट' केला आणि १९८८ च्या ऑक्टोबरपासून 'व्हॅक्सिन इन्ज्युरी कॉम्पेन्सेशन प्रोग्राम' सुरू झाला. नावात बालपण आहे, पण मोठ्यांनाही तो लागू आहे, आणि सिर्वाचे दावे करणारे बहुतेक लोक मोठेच असतात. कोणाची चूक होती हे इथे सिद्ध करावं लागत नाही. त्या फार्मसीवर, त्या टोचणाऱ्या मुलीवर बोट ठेवायची गरज नाही, तिची नोकरीही जात नाही. मला हा भाग मनापासून आवडतो.

पैसे येतात ते लशीवरच्या करातून. प्रत्येक डोसमध्ये जितक्या रोगांपासून संरक्षण, तितके ७५ सेंट. फ्लूच्या लशीवर ७५ सेंट, गोवर-गालगुंड-रुबेलाच्या तिहेरी लशीवर सव्वादोन डॉलर. म्हणजे लस घेणाऱ्या सगळ्यांनी मिळून भरलेला हा निधी आहे.

दाव्यात तीन बाजू असतात. आरोग्य खात्यातली 'हर्सा' ही संस्था कागद वैद्यकीयदृष्ट्या तपासते. न्याय खात्याचे वकील सरकारची बाजू मांडतात. निर्णय देतात ते वॉशिंग्टनमधल्या 'कोर्ट ऑफ फेडरल क्लेम्स'चे 'स्पेशल मास्टर', म्हणजे याच कामासाठी नेमलेले न्यायाधिकारी. ज्युरी नसते. बहुतेक सगळं कागदोपत्री आणि फोनवर होतं, मला एकदाही वॉशिंग्टनला जावं लागलं नाही.

लस बनवणाऱ्या कंपनीवर किंवा देणाऱ्यावर १,००० डॉलरहून जास्त रकमेसाठी थेट दावा करायचा असेल तरीही यादीतल्या लशींच्या बाबतीत आधी इथूनच जावं लागतं. ही पायरी चुकवता येत नाही.

पहिली पायरी: तुमची लस यादीत आहे का

मुलांना किंवा गरोदर स्त्रियांना नियमित देण्याची शिफारस असलेल्या आणि वर सांगितलेला कर लागू झालेल्या लशी यात येतात. दरवर्षीची फ्लूची लस, धनुर्वाताची टीडॅप आणि टीडी, हिपॅटायटिस ए आणि बी, एचपीव्ही, मेंदूज्वराची मेनिन्गोकॉकल, न्यूमोनियाची कॉन्जुगेट लस या आपल्या लोकांना नेहमी लागणाऱ्या. ग्रीन कार्डच्या वैद्यकीय तपासणीत सिव्हिल सर्जनने (म्हणजे इमिग्रेशन खात्याने त्या तपासणीसाठी नेमलेल्या डॉक्टरने) दिलेली टीडॅप किंवा विद्यापीठात प्रवेश घेताना घेतलेली मेनिन्गोकॉकल लस, तिचाही यात समावेश होतो. फक्त एवढं लक्षात ठेवा की सिर्वाची व्याख्या दंडाच्या स्नायूत द्यायच्या लशींसाठी आहे. कांजिण्यांसारख्या, बहुधा कातडीखाली दिल्या जाणाऱ्या लशीच्या बाबतीत वकिलाला आधी विचारा.

नागिणीची शिंग्रिक्स यात बसत नाही. पन्नाशी ओलांडलेले कितीतरी जण ती घेतात आणि तिच्यानेही खांदा दुखावू शकतो, पण यादीत ती नाही. भारतात जाण्याआधी घेतो ती टायफॉइडची लस आणि रेबीजची लस, याही बाहेर. अशा वेळी राज्याच्या कायद्यानुसार निष्काळजीपणाचा दावा एवढाच मार्ग उरतो.

कोव्हिडच्या लशींचा मामला वेगळा आहे. त्या 'काउंटरमेजर्स इन्ज्युरी कॉम्पेन्सेशन प्रोग्राम' नावाच्या दुसऱ्याच योजनेत जातात, आणि ती योजना फार तोकडी आहे. मुदत लस घेतल्यापासून फक्त एक वर्ष, वेदनांसाठी भरपाई नाही, वकिलाची फी नाही, कोर्टात दाद नाही. यातून एक अडचण उभी राहते, ती आधी ठाऊक असलेली बरी. फ्लू आणि कोव्हिड या दोन्ही लशी एकाच दिवशी एकाच दंडात घेतल्या तर खांदा कोणत्या सुईने दुखावला, हा वाद होतो. एकाच दिवशी घ्यायच्याच असतील तर दोन वेगळ्या हातांत घ्या आणि कुठली कुठे घेतली ते त्याच दिवशी फोनमध्ये लिहून ठेवा.

दुसरी पायरी: अटी पडताळा

२१ मार्च २०१७ पासून सिर्वा अधिकृत 'व्हॅक्सिन इन्ज्युरी टेबल'मध्ये, म्हणजे कोणत्या लशीने कोणती दुखापत होते असं सरकार मानतं त्या तक्त्यात, आहे. २०२१ च्या जानेवारीत ती काढून टाकणारा नियम निघाला होता, पण त्याच वर्षी एप्रिलमध्ये तो मागे घेतला गेला. टेबलात असण्याचा फायदा मोठा आहे. अटी बसल्या की लशीनेच झालं असं कायदा धरून चालतो आणि उलटं दाखवायची जबाबदारी सरकारवर जाते.

अटी चार. दुखणं लस घेतल्यापासून ४८ तासांत सुरू झालेलं हवं. त्याच खांद्यात आधीपासून या दुखण्याचा उलगडा होईल असा त्रास नसावा. दुखणं आणि हालचालीवरची मर्यादा लस घेतलेल्या खांद्यापुरतीच असावी. आणि लक्षणांचं दुसरं कारण, म्हणजे मानेतली दबलेली नस किंवा मज्जातंतूचा आजार, नसावं. याशिवाय पाचवी, सगळ्याच दुखापतींना लागू असलेली अट: त्रास लस घेतल्यावर सहा महिन्यांहून जास्त टिकला पाहिजे, किंवा त्यासाठी रुग्णालयात दाखल होऊन शस्त्रक्रिया झालेली असली पाहिजे.

आपल्याकडे मधुमेह घरोघरी आहे आणि मधुमेह्यांचा खांदा लशीशिवायही आखडतो. त्यामुळे तुम्हाला मधुमेह असेल तर सरकारी डॉक्टर हे कारण पुढे करू शकतात, असं गृहीत धरा. त्याला उत्तर एकच: आधी त्या खांद्याची काही तक्रार नव्हती आणि लशीच्याच दिवशी ती सुरू झाली, हे दाखवणारे कागद. मधुमेह लपवू नका. लशीआधीच्या तीन वर्षांचे वैद्यकीय कागद मागवलेच जातात आणि त्यात तो दिसणारच आहे.

४८ तासांची अट थोडक्यात हुकली तर सगळं संपलं असं नाही. लशीनेच हे घडलं, असं तज्ज्ञ डॉक्टरच्या अहवालाने सिद्ध करता येतं. निकष 'संभव निम्म्याहून जास्त' एवढाच आहे. पण तो रस्ता लांबचा आहे.

तिसरी पायरी: डॉक्टरकडे जा आणि तारीख बोला

माझ्या मते सगळ्या लेखात महत्त्वाचं काही असेल तर ते हेच.

आपण सोसणारी माणसं. "होईल बरं" म्हणत महिना काढतो, घरात कोणाला सांगत नाही, आणि शेवटी दुसऱ्याच कशासाठी डॉक्टरकडे गेलो की जाता जाता म्हणतो, "खांदा पण जरा दुखतोय." डॉक्टर टाइप करतात: 'खांदेदुखी, काही आठवड्यांपासून'. दोन वर्षांनी सरकारी वकील तेच वाक्य समोर ठेवतात आणि विचारतात की काही आठवडे म्हणजे किती, लशीच्या दिवसापासून की त्यानंतर दहा दिवसांनी?

म्हणून भेटीत एक वाक्य नेमकं बोला. "१० ऑक्टोबरला उजव्या दंडात फ्लूची लस घेतली, त्याच रात्रीपासून उजवा खांदा दुखतो आहे, हात खांद्याच्या वर जात नाही, याआधी या खांद्याला कधी काही झालेलं नाही." तारीख, हात, लस, कधीपासून, आधी काही नव्हतं. पाचही गोष्टी. आणि त्या नोंदीत उतरल्या का ते घरी येऊन पोर्टलवर, म्हणजे दवाखान्याच्या ऑनलाइन खात्यावर, वाचा. नोंद चुकीची असेल तर दुरुस्तीची लेखी विनंती करण्याचा हक्क तुम्हाला हिपा या वैद्यकीय माहितीच्या गोपनीयतेच्या कायद्याने दिला आहे. ती लगेच करा. वर्षभराने केलेली दुरुस्ती संशयास्पद दिसते.

भेट मिळायला वेळ लागणार असेल तर त्याच दिवशी पोर्टलवरून डॉक्टरांना दोन ओळींचा संदेश पाठवा. तो वैद्यकीय नोंदीत तारखेसकट जमा होतो. मी हे केलं असतं तर माझे सात आठवडे रिकामे दिसले नसते.

मामेभावाचा सल्ला वाईट नव्हता. त्याने सांगितलेला व्यायाम पुढे इथल्या फिजिओथेरपिस्टनेही सांगितला. पण व्हॉट्सॲपवरच्या बोलण्याला वैद्यकीय नोंदीचं वजन मिळत नाही. तरी ते संदेश पुसू नका. माझ्या प्रकरणात "काल लस घेतली, आज हात वर जात नाही" हा मी दुसऱ्या दिवशी सकाळी पाठवलेला संदेश वेळेसकट पुरावा म्हणून जोडला गेला आणि त्याचा उपयोग झाला.

उपचारांत खंड पाडू नका. एक्स-रे, मग एमआरआय, फिजिओथेरपी, गरज पडली तर स्टेरॉइडचं इंजेक्शन, असा साधारण क्रम असतो. खर्च किंवा काम आड आलं म्हणून फिजिओथेरपी सोडावी लागली, तर ती का सोडली हे डॉक्टरांच्या नोंदीत येऊ द्या. नाहीतर कागदावर अर्थ असा निघतो की खांदा बरा झाला. सहा महिने उलटल्यावर एकदा तरी डॉक्टरांना खांदा दाखवलेला असावा, कारण सहा महिन्यांहून जास्त त्रासाची अट त्या भेटीवर उभी राहते.

आणि खरं तेवढंच सांगा. मानही दुखत असेल तर ती दुखते म्हणा. बोटांना मुंग्या येत असतील तर सांगा. खांद्याचं दुखणं दंडात उतरणं नेहमीचं आहे, तेवढ्याने दावा बुडत नाही. नोंदी एकमेकींशी जुळल्या नाहीत तर मात्र बुडू शकतो.

चौथी पायरी: कागद जमवा

पहिला कागद लशीच्या नोंदीचा. ज्यावर लशीचं नाव, तारीख, लॉट नंबर (उत्पादनाच्या खेपेचा क्रमांक) आणि मुख्य म्हणजे कोणत्या हातात दिली ते लिहिलेलं असतं. फार्मसीकडून संमतिपत्राची प्रतही मागा. हातात मिळालेल्या पावतीवर हे सगळं नसतं. माझ्या नोंदीत डावा हात होता, लस उजव्यात घेतलेली. काही ठिकाणी संगणकात डावा हात आधीच भरलेला राहतो आणि घाईत कोणी बदलत नाही. स्पेशल मास्टरना हा प्रकार नवा नाही. पहिल्याच भेटीपासून तुम्ही सातत्याने एकच हात सांगत आला असाल तर ते तो धरतात.

मग लशीआधीच्या तीन वर्षांचे आणि नंतरचे आजवरचे सगळे वैद्यकीय कागद. फॅमिली डॉक्टर, हाडांचे डॉक्टर, फिजिओथेरपी, अर्जंट केअर, स्कॅनचे अहवाल. दवाखान्याने विनंतीपासून ३० दिवसांत ते द्यायचे असतात. फिजिओथेरपीच्या नोंदी वगळू नका, कारण हात किती अंशांपर्यंत वर जातो, पाठीमागे कुठवर पोचतो हे आकडे तिथेच सापडतात.

त्यानंतर तुमचं स्वतःचं शपथपत्र. त्यात मोठे शब्द नकोत. दिवस कसा जातो ते लिहा. मी लिहिलं होतं की कणीक मळायला नवरा लागतो, मुलीची वेणी घालताना मधेच हात खाली घ्यावा लागतो, गाडी वळवताना डाव्या हाताने चाक फिरवते. घरातल्या आणि कामावरच्या एकेका माणसाचंही निवेदन जोडता येतं. लशीच्या त्याच दोन दिवसांत तुम्हाला दुखताना ज्यांनी पाहिलं, त्यांचं सगळ्यात मोलाचं.

विम्याने न दिलेला खर्च, बुडलेला पगार, औषधं, दवाखान्यात जाण्या-येण्याचे मैल, सगळ्याच्या पावत्या एका पिशवीत टाकत राहा.

'व्हेअर्स'वर, म्हणजे लशींच्या दुष्परिणामांची नोंद ठेवणाऱ्या सरकारी यंत्रणेकडे, नोंद करायला हरकत नाही, ती करावीच. पण ती नोंद म्हणजे दावा नव्हे. व्हेअर्सवर लिहिलं म्हणून निर्धास्त राहिलेले आणि इकडे मुदत उलटलेले लोक आहेत.

पाचवी पायरी: मुदत

पहिलं लक्षण दिसल्यापासून तीन वर्षं. निदान झाल्यापासून नाही, सिर्वा हे नाव तुम्हाला कळल्यापासून तर नाहीच. ज्या रात्री कूस बदलता आली नाही, त्या रात्रीपासून. आणि त्या तारखेच्या आत अर्ज कोर्टात दाखल झालेला हवा, टपालात टाकलेला पुरत नाही. सहा महिन्यांची अट पुरी झाली की वकील शोधायला लागा. शेवटच्या दोन-तीन महिन्यांत आलेलं प्रकरण घ्यायला वकील कचरतात, कारण कागद मागवायलाच तेवढा वेळ जातो.

सहावी पायरी: वकील

वकिलाची फी तुमच्या भरपाईतून कापली जात नाही. ती याच निधीतून वेगळी दिली जाते, आणि दावा फेटाळला गेला तरीही दिली जाते, फक्त तो प्रामाणिकपणे आणि वाजवी आधारावर केलेला असला पाहिजे. या कामासाठी तुमच्याकडून टक्केवारी किंवा वेगळी फी घ्यायला वकिलाला कायद्याने मनाई आहे. कोणी "मिळतील त्यातले तेहतीस टक्के" म्हणालं तर त्याला हा कायदा माहीत नाही असं समजा आणि पुढे चला.

वकील तुमच्याच राज्यातला हवा असंही नाही. कोर्ट ऑफ फेडरल क्लेम्समध्ये काम करण्याची परवानगी असली की पुरे. अशा वकिलांची यादी कोर्टाच्या संकेतस्थळावर असते. गावातला अपघाताच्या खटल्यांचा वकील घेण्यापेक्षा हेच काम रोज करणारा घ्या. पहिल्या फोनवर तीन प्रश्न विचारा: सिर्वाचे किती दावे चालवले, माझ्या कागदांत कच्चा दुवा कुठे दिसतो, आणि कागद मागवायचा खर्च कोण करतं. दुसऱ्या प्रश्नाचं सरळ उत्तर देणारा वकील घ्या.

वकिलाशिवायही अर्ज करता येतो. कोर्टाचं शुल्क ४०५ डॉलर, अर्जाची प्रत आरोग्य खात्यालाही पाठवावी लागते. पण फी निधीतून मिळत असताना एकट्याने झुंजण्यात काही मिळवायचं नाही.

अर्जानंतर काय होतं

सिर्वाची बहुतेक प्रकरणं 'स्पेशल प्रोसेसिंग युनिट'कडे जातात. तडजोडीने लवकर सुटतील अशा प्रकरणांसाठी हा विभाग २०१४ मध्ये केला गेला. लवकर म्हणजे तरी दोन-तीन वर्षं धरा. आधी कागद पुरे आहेत का ते पाहिलं जातं, मग हर्साच्या डॉक्टरांची रांग, मग सरकारचा अहवाल.

अहवालात सरकारने दुखापत मान्य केली तर प्रश्न फक्त रकमेचा उरतो. सरकार एक आकडा मांडतं, तुमचा वकील आपला आकडा मांडतो, जुळलं तर त्यावर निकाल. सरकारने मान्य केलं नाही तरी दोन्ही बाजू समेट करू शकतात. त्यात सरकार दोष कबूल करत नाही, पण पैसे देतं. या कार्यक्रमातल्या भरपाईचा मोठा भाग अशा समेटांतूनच गेला आहे. काहीच जुळलं नाही तर स्पेशल मास्टर निर्णय देतात. तो पटला नाही तर ३० दिवसांत त्याच कोर्टाच्या न्यायाधीशाकडे फेरविचार मागता येतो, पुढे फेडरल सर्किटच्या अपील कोर्टात.

निकाल कोर्टाच्या संकेतस्थळावर प्रसिद्ध होतात, तुमच्या नावानिशी. नाव किंवा आजाराचे खाजगी तपशील झाकायचे असतील तर निकालानंतर १४ दिवसांत तशी विनंती करावी लागते, आणि ती मंजूर होईलच असं नाही. नोकरीच्या शोधात असलेल्यांनी वकिलाशी हे आधीच बोलून ठेवावं.

पैसे किती

वेदना आणि मनस्तापासाठी जास्तीत जास्त २,५०,००० डॉलर, ही कायद्याचीच मर्यादा. सिर्वात तिथवर क्वचितच कोणी पोचतं. प्रसिद्ध झालेले निकाल वाचले तर शस्त्रक्रिया न झालेल्यांना बहुधा एक लाखाच्या आतली रक्कम मिळते, शस्त्रक्रिया झालेल्यांची लाखाच्या वर जाते. रक्कम ठरते ती दुखण्याच्या तीव्रतेवर, किती महिने टिकलं त्यावर, एमआरआयमध्ये काय दिसलं आणि डॉक्टरकडे किती लवकर गेलात यावर. दुखणं खरंच असह्य होतं तर माणूस महिनोन्महिने थांबला कसा, असा विचार तिथे होतो. माझ्या सात आठवड्यांची किंमत मी इथेच मोजली.

याशिवाय विम्याने न भरलेला खर्च, पुढच्या उपचारांचा खर्च आणि बुडालेलं उत्पन्न. मेडिकेडने, म्हणजे कमी उत्पन्न असलेल्यांच्या सरकारी आरोग्य विम्याने, उपचाराचा खर्च केला असेल तर तेवढा भाग त्यांना परत जातो.

आई-बाबा इथे आलेले असताना

या दाव्याला अमेरिकेचं नागरिकत्व लागत नाही. लस अमेरिकेत दिली गेली, एवढं पुरतं. व्हिजिटर व्हिसावर आलेल्या सासऱ्यांना तुम्ही कौतुकाने फार्मसीत नेऊन फ्लूची लस दिली आणि त्यांचा खांदा धरला, तर त्यांनाही हाच हक्क आहे. फक्त ते मार्चमध्ये साताऱ्याला परततात आणि तिथे उपचार चालू राहतात. आपल्याकडे केसपेपर रुग्णाच्याच हातात असतो, दवाखाना जपून ठेवेलच असं नाही. म्हणून प्रत्येक भेटीचा कागद, त्यावर तारीख, डॉक्टरांची सही आणि नोंदणी क्रमांक, शक्य तर 'अमेरिकेत लस घेतल्यापासून त्रास' अशी ओळ, हे सांभाळा. फिजिओथेरपीवाल्यांकडून पावतीबरोबर उपचारांचं टिपण मागून घ्या. मराठीत लिहिलेलं असेल तर इंग्रजी भाषांतर करून ठेवा. आणि परत जायच्या आधी इथेच एकदा डॉक्टरला दाखवा, व्हिजिटर विम्याने पैसे दिले नाहीत तरी.

उलट बाजूने, पुण्यात किंवा पणजीत घेतलेल्या लशीसाठी इथला कार्यक्रम सहसा उपयोगाचा नाही. भारतात लसीकरणानंतरचे त्रास नोंदवण्याची यंत्रणा आहे, पण खांद्यासाठी असा भरपाई निधी नाही. पैसे देऊन खाजगी दवाखान्यात लस घेतली असेल आणि निष्काळजीपणा दाखवता येत असेल तर ग्राहक आयोगात जाता येतं. वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्याखाली येते, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९५ साली ठरवलं. तिथे मुदत दोन वर्षांची आहे. ब्रिटनमध्ये १,२०,००० पौंडांची एकरकमी योजना आहे, पण तिला ६० टक्के अपंगत्व लागतं, दुखऱ्या खांद्याला ते बहुधा लागू होत नाही.

पुढच्या वर्षीची लस

माझा खांदा आता नव्वद टक्के बरा आहे. लस मी त्यानंतरही घेतली, दर ऑक्टोबरात, डाव्या हातात. अर्ध्या बाह्यांचा सैल टॉप घालून जाते. बाही गळ्याकडून ओढायला लागले तर थांबवते आणि पूर्ण हात बाहेर काढते. टोचणाऱ्याला समोरच्या खुर्चीत बसायला सांगते, म्हणजे सुई वरून खाली येत नाही. हात कमरेवर ठेवून सैल सोडते. आणि खांद्याच्या हाडावर स्वतःचं बोट ठेवून, खाली तीन बोटं मोजून, "इथे द्या" म्हणते. गेल्या वर्षी त्या मुलाने नुसती मान हलवली आणि तिथेच दिली.